मेधाचं विरजण

केंजीचा फोन आला तेव्हा मी मेधाचंच दही लावत होते. दूध कोमट झालं होतं, चमचा हातात होता. "मेधा गेली," तिचा नवरा जपानीत म्हणाला. सकाळी वाइनच्या टाक्यांजवळ चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्तस्राव झाला, दुपारी सगळं संपलं. मी फोन ठेवला आणि दुधात विरजण घातलं. दुसरं काय करणार होते...

त्याआधी ती शेवटची भेटली ती टोकियोतल्या ओजिमा स्टेशनच्या गेटपाशी. दरवर्षी द्राक्षतोडणीच्या तोंडावर ती सासरहून, यामानाशीहून ट्रेनने यायची आणि स्टीलचा एक डबा माझ्या हातात ठेवायची. त्यात विरजण. तिच्या आईने तासगावहून रुमालावर दही वाळवून पाठवलेलं, तिने इथल्या दुधात ते पुन्हा जागवलेलं. "सांभाळ गं, डिसेंबरात येते न्यायला." या वेळी वर म्हणाली, "यंदा दिवाळीला आईकडे. तिकीट काढलंय." मी म्हटलं, "दरवर्षी काढतेस आणि दरवर्षी रद्द करतेस. आधी विमानात बस, मग सांग." ती हसली आणि घाईघाईने परतीच्या गाडीकडे वळली.

मेधा वाढली द्राक्षबागेत. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या बेदाण्यांच्या शेडमध्ये गेल्या, त्याचा तिला इतका वीट आला की पुण्यात कॉम्प्युटर शिकून ती थेट टोकियोला आली. ओजिमात आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. ऑफिसातल्या केंजीशी सूत जुळलं ते याच गोष्टीवर, तोही घरच्या द्राक्षांना कंटाळून पळालेला. पुढे सासरे पडले, कंबर मोडली. पिढ्यान्‌पिढ्यांची वायनरी आणि मुलगा एकच. "दोन हंगाम काढू आणि परत येऊ," मेधा म्हणाली होती. तिच्या उंचीला तिथले द्राक्षमांडव बुटके. पावसापासून वाचवायला घडाघडावर कागदी टोपी चढवायची, दिवसभर मान वाकवून, हात वर करून. फोनवर म्हणायची, "अगं, इथे सरळ उभं राहायलासुद्धा जागा नाही."

त्या घराचा एक नियम होता. पूर्वज आधी साके, म्हणजे तांदळाची दारू गाळायचे, तेव्हापासूनचा. रस आंबत असताना घरात दुसरं काही आंबवायचं नाही, आंबवलेलं खायचं नाही, त्याचे जंतू टाकीत गेले तर रस बिघडतो म्हणून. नात्तो, म्हणजे ते तार सुटणारं सोयाबीन, हंगामात कोणी तोंडाला लावत नसे. पहिल्याच वर्षी आमच्या बाईसाहेबांनी स्वयंपाकघरात दही लावलं आणि शेजारी इडलीचं पीठ फुगत ठेवलं. कोणी ओरडलं नाही. सासऱ्यांनी सगळं घर धुऊन घेतलं, डबा अंगणात नेऊन ठेवला आणि ते काठीवर रेलून, विनवल्यासारखे तिच्यासमोर वाकले. "ओरडले असते तर भांडले तरी असते," ती म्हणाली. तेव्हापासून डबा माझ्याकडे यायला लागला.

आणि गंमत बघा, ज्या नाकाने ती दही किती आंबलंय ते ओळखायची, त्याच नाकाने तिने एका वर्षी बिघडू लागलेली टाकी सगळ्यांच्या आधी ओळखली. झालं, सासरे तिला वास घ्यायला लावल्याशिवाय एकही टाकी पुढे जाऊ देईनात. इतका मान कुठल्या सुनेला मिळतो, असं इथल्या मैत्रिणी म्हणायच्या. मला मात्र राग यायचा, आजही येतो. त्या मानाने तिला जखडून टाकलं. गणपती, दिवाळी, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन... सगळं नेमकं हंगामात. यंदा पाऊस लांबला, तोडणी लांबली. "एवढ्या टाक्या मार्गी लागल्या की येते," असं आईला सांगून तिने तिकीट रद्द केलं. त्याच टाक्यांपाशी ती कोसळली.

डिसेंबरात दारावरची बेल वाजली. मेधाचे सासरे एकटेच, काळा कोट, काठी. म्हणाले, "हंगाम संपला. तिचं न्यायला आलोय." चहाचा कप मी त्यांच्यापुढे जरा आपटूनच ठेवला. "पुढच्या तोडणीला परत माझ्याकडे आणून ठेवणार का?" मी विचारलं. त्यांनी कप बाजूला सरकवला. "नाही," म्हणाले. "आता घरातच राहील." हे वाक्य तिला जिवंतपणी एकदा ऐकायला मिळालं असतं तर... मी त्यांना दही लावायला शिकवलं. त्यांनी दुधात बोट बुडवून ऊब पाहिली, मान हलवली आणि अर्धं विरजण घेऊन गेले.

उरलेलं मी रुमालावर वाळवलं, तिच्या आईला नेऊन द्यायला. पोस्टाने पाठवायला मन होईना. काकूंना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "कधी येतेस?" कंपनीत मार्चअखेरीची धांदल, मुलीची परीक्षा, नवऱ्याचा प्रोजेक्ट. "एवढं मार्चचं काम मार्गी लागलं की येते, काकू," मी म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या. "तीही असंच म्हणायची."

मार्च संपला, मी इथेच आहे. रुमाल वाळून कडक झालाय. घडी घालायला गेलं की पापुद्रे गळतात, म्हणून तो तसाच जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे आणि आम्ही तिघं ताटं सरकवून त्याच्या कडेकडेने जेवतो.