पाणकर बसला तोवर

माझा लेख ज्यांनी स्वतःच्या नावावर छापला, त्या प्राध्यापकांना मी गोंदियाला व्याख्यानासाठी बोलावलं ते सूड उगवायलाच. आमंत्रणाच्या पत्रात मात्र मी त्यांना तीनदा गुरुवर्य म्हटलं होतं.

नागपूरच्या कॉलेजात त्यांनी मला दोन वर्षं जर्मन शिकवलं. पुढे मी गोंदियात शाळामास्तर झालो, पण जर्मन सोडलं नाही. त्या भाषेतलं 'वाइल' हे अव्यय मला फार छळायचं. आज त्याचा अर्थ 'कारण'. पण ते आलं एका नामातून, ज्याचा अर्थ थोडा वेळ. आणखी मागे गेलं तर विसावा. पूर्वी लोक ते 'जितका वेळ' अशा अर्थाने वापरत. वापरता वापरता 'जोवर'चं 'कारण' झालं. इंग्रजीतला 'व्हाइल' आणि डच भाषेतला 'टर्वाइल' हे त्याचे भाऊबंद, पण ते अजून बरेचसे वेळेपाशीच थांबलेले.

त्यावर मी लेख लिहिला आणि दाखला आमच्या गावचा दिला. आम्ही तलाव बांधणाऱ्या कुळातले. धानाला पाणी द्यायचं असलं की पाणकर तलावाच्या पाळीतल्या तुडमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाचं, बूच काढतो आणि तिथेच बसतो. पाणी आधी शेवटच्या बांधीत, म्हणजे टोकाच्या धानाच्या शेतात जातं. तिकडून हाक आली की तो उठून बूच लावतो. तो बसला आहे तोवर वरचा शेतकरी मधेच पाणी वळवत नाही. का वळवत नाही विचारलं, तर म्हणतो, पाणकर बसला आहे ना. 'तोवर' कधी 'म्हणून' झालं, त्यालाही कळत नाही.

लेख मी त्यांच्याकडे तपासायला पाठवला. चार महिन्यांनी तो एका मासिकात दिसला, त्यांच्या नावाने. पत्र लिहून विचारलं तर उत्तर आलं, शिष्याने गुरूचे विचार आपले समजू नयेत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मग लेख पुन्हा वाचला आणि मला हसू फुटलं. मूळ अर्थ विसावा, म्हणून त्यांनी माझा दाखला सुधारला होता: पाणकर विसाव्याला बसतो आणि तोवर पाणी बंद राहतं. गृहस्थाने जन्मात तलाव पाहिला नव्हता.

व्याख्यानाच्या दिवशी पहिल्या रांगेत मी माझ्या वडिलांना बसवलं. ते स्वतः पाणकर. त्यांच्या शेजारी जवळच्या मुर्री गावचे चार धान पिकवणारे. प्राध्यापक रंगात आले, दाखल्यापाशी आले, आणि वडील उभे राहिले.

"पाणकर बसला का पाणी चालू रायते जी. उठला का बंद. तुमी कोन्या तलावावर पाह्यले?"

मुर्रीकर हसले. मागून एक व्यापारी म्हणाला, "साहब ने तालाब देखा ही नहीं." प्राध्यापकांनी घाम पुसला आणि माझ्याकडे बोट केलं. "हे इथलेच आहेत, हे सांगतील."

मी दीड वर्ष याच क्षणाची वाट पाहत होतो. उठून म्हणालो, "सांगतो. लेख माझा आहे. त्यातली चूक तेवढी सरांची." खिशातून माझा मूळ मसुदा काढला आणि सगळा वाचून दाखवला. एकही ओळ गाळली नाही. प्राध्यापक चहा न घेता स्टेशनवर गेले. इतका गोड आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि त्याची लाज मला आजही वाटत नाही.

बैलगाडीतून आम्ही गावी परतत होतो. न राहवून मी विचारलं, "कशी जिरवली?"

"बरी जिरवली," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू कागद वाचून राह्यला होता, तवा मी आयकत होतो. त्या पाणकराची गोठ तुले पाळीवर मीच सांगतलो होतो ना? मंग त्यात माहं नाव काऊन नाही?"

"गावचा एक पाणकर, असं लिहिलंय ना," मी म्हणालो.

"हो, आयकलो." त्यांनी बैल हाकले. "त्या नागपूरच्या मास्तरले मी ठाऊक तरी नोहतो."