खाचेचा धोंडा

तळ्याकाठच्या सान हुआन गावच्या धक्क्यावर रोसेन्दाला ओळखत नाही असा माणूस नाही. साठी उलटलेली बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लव्हाळा कापते, हे काही रोजचं दृश्य नव्हे. लव्हाळा कापायचा पुरुषांनी आणि चटया विणायच्या बायकांनी, अशी इथली रीत. नवरा एलादिओ गेला तेव्हा दीर म्हणाले, लव्हाळ्याचं बेट विकून टाक. रोसेन्दाने घागरा गुडघ्यावर खोचला, विळा घेतला आणि पाण्यात उतरली. चाळीस वर्षं एकेक मूळ लावून एलादिओने ते बेट वाढवलं होतं. तिची चूल त्याच्यावरच पेटत होती.

पण तळं लहरी. ज्वालामुखींच्या मध्ये कोंडलेल्या या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. काही वर्षं ते उतरतं आणि मग मनात आलं की चढतं. चढू लागलं की लव्हाळ्याची मुळं उपटून, धोंडे बांधून काठाकडे सरकवावी लागतात, नाहीतर खोल पाण्यात ती तग धरत नाहीत. ती वेळ ओळखायची एलादिओची खूण साधी होती: धुण्याच्या जागी एक खाचेचा धोंडा होता, त्याला पाणी लागलं की मुळं हलवायची. तो गेल्यापासून तीन वर्षं रोसेन्दा रोज धुणं धुताना त्या धोंड्याकडे बघायची. पाणी वीतभर खालीच असायचं.

"आहे अजून वेळ," ती म्हणायची.

आणि एका दुपारी शोकोमिल सुटला. हा दक्षिणेचा वारा रोज दुपारी येतोच, पण त्या दिवशी तो पिसाळला होता. संध्याकाळी रोसेन्दा काठावर आली तर बेट जागेवर नव्हतं. नुसतं गढूळ पाणी. ती खाचेच्या धोंड्यावर बसली.

शेजारची चोना धावत आली. "अगं, मुळं का नाही हलवलीस वेळेवर?"

"या धोंड्याला पाणी कुठं लागलं होतं?"

चोना डोळे फाडून बघत राहिली. "हा धोंडा? अगं बये! पाणी चढलं की आपण धुण्याचे धोंडे दरवर्षी वर ढकलतो ना! गेल्या साली तू स्वतः खालून रेटत होतीस, 'जोर लावा गं भवान्यांनो' म्हणून!"

रोसेन्दाने खाचेवरून बोट फिरवलं. मग हसू लागली आणि हसता हसताच रडली. नवऱ्याचं एवढंच उरलं होतं, तेही आपल्याच हातांनी घालवलं.

सकाळी लाँचवाल्याने बातमी आणली: हिरवं बेट वाहत जाऊन पलीकडच्या त्सुनुना गावाला लागलंय, क्रिसांतो याशोनच्या काठाला. आता इथली रीत अशी की तळं ज्याच्या काठाला वस्तू लावेल, ती त्याची. त्सुनुनाहून वाहत आलेले कितीतरी ओंडके रोसेन्दाने स्वतः चुलीत घातले होते. कोणत्या तोंडाने मागणार?

"जाऊ नकोस," चोना म्हणाली. "ते लोक संत्र्याची सालसुद्धा फुकट देत नाहीत."

तरी ती गेली. लाँचमधूनच तिला बेट दिसलं, आणि त्याच्या मुळांवर रचलेली धोंड्यांची रांगही. म्हणजे लावूनसुद्धा टाकलं या क्रिसांतोनं.

"दादा," ती क्रिसांतोला म्हणाली, "हे माझं होतं."

"मग ने की लवकर!" म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "कालपासून धोंडे टाकतोय, कंबर मोडली माझी. पहाटे उत्तरेचा वारा सुटला असता तर हे पार सान्तियागोच्या काठाला पोचलं असतं. तुमच्याकडं धोंडे मिळत नाहीत का?"

"पण रीत..."

"रीत मला शिकवतेस? आमच्याकडं डोंगर खचला त्या साली आम्ही पोराबाळांसकट तुमच्या शाळेत निजलो. एक माणूस होडीभर चटया टाकून गेला. परत द्यायला गेलो तर म्हणाला, 'ओल्या चटया कोण घेतो? ठेवा.' नावसुद्धा सांगितलं नाही."

रोसेन्दा खाली बसली. त्याच साली घरातल्या वीस चटया कुठं गेल्या म्हणून तिने एलादिओशी आठवडाभर अबोला धरला होता. 'वाऱ्यानं नेल्या' एवढंच तो म्हणाला होता. तिने मनातल्या मनात त्याची माफी मागितली, आणि मग मोठ्यांदा क्रिसांतोला सांगितलं, "तो माझा नवरा होता."

क्रिसांतोने डोक्यावरची टोपी काढली.

बेट परत न्यायला अकरा दिवस लागले. क्रिसांतोचे मुलगे मुळांचे गड्डे होड्यांत भरून आणत आणि सान हुआनच्या बायका पाण्यात उभ्या राहून लावत. चोना सगळ्यांत पुढे होती. शेवटच्या दिवशी क्रिसांतोने रोसेन्दाला आपल्या काठावरचा घराएवढा काळा खडक दाखवला.

"याच्यावर खूण कर. हा कुणाच्या बापाला ढकलता येणार नाही. तळं एकच आहे, पाणी दोन्हीकडं सारखंच चढतं."

तिने विळ्याच्या टोकाने खाच पाडली.

पुढल्या पावसाळ्यात एका सकाळी लाँचवाला धक्क्यावरून ओरडला, "रोसेन्दा मावशी! क्रिसांतो सांगतोय, पाणी खुणेला लागलं!"

तिने धुणं तसंच टाकलं. पण पाण्यात उतरण्याआधी ती घरी पळाली आणि नवी चटई गुंडाळून लाँचमध्ये ठेवली.

"काय सांगू त्याला?" लाँचवाल्याने विचारलं.

"कोरडी आहे म्हणावं."