दोघांना पुरणारी होडी

मैत्रिणींनो, गळ टाकण्याचं माझं वेड तुम्हाला माहीत आहेच. आज परभणीच्या कृषी प्रदर्शनात बियाणं सोडून मी थेट फायबरच्या होडीपाशी गेले. ही पाण्यावर डुलते किती, एवढंच विचारायचं होतं.

तिथे एक मासेमार जोडपं होतं. बाई होडीत जाऊन बसल्या होत्या.

"उतर खाली. लोकं बघायलेत. आपला थर्माकोलचा तराफाच बरा."

"त्याच्यावर तुमी एकलेच मावता. लय वर्सं झाली, मी काठावर वाट बघायलेय."

नवऱ्याने चपला काढल्या. मग तोही होडीत तिच्यासमोर बसला.

बाबा आणि मी गळ टाकायचो, तेव्हा आई मागे डबा घेऊन बसायची. तिलाही गळ धरायचा होता का, हे मी कधी विचारलंच नाही.

तुमच्या घरी काठावर कोण बसायचं?