पूर्ण पानाचा फोटो

पिंपळगाव राजाच्या बाजारात माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि समोरच शाइस्ताचं ऑनलाईन सेंटर. इतकी चुळबुळी बाई मी दुसरी पाहिली नाही. खुर्चीवर बसली की तिचा पाय हलत असतो, आणि गिऱ्हाईक नाव सांगेपर्यंत हिनं आडनाव टाइप केलेलं असतं. घोड्यावर बसून आलीस का गं, असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "काका, लाइन गेली का मंग बसा हात चोळत."

ते खरंच होतं. आमच्याकडची वीज न सांगता जाते आणि तिच्याकडं इन्व्हर्टर नाही. म्हणून तिचा शिरस्ताच पडला होता, की अर्ज भरून स्क्रीनवर नंबर उमटला की लगेच स्क्रीनशॉट घ्यायचा आणि पान बंद करायचं.

बोंडअळीच्या पहिल्या वर्षी तिनं असेच नऊ जणांचे अर्ज भरले. बीटी कापसाला अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी तेच बियाणं लावलेलं, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. नुकसानीची तक्रार ऑनलाईनच करायची होती. पण नऊच्या नऊ अर्ज तालुक्याच्या कृषी कचेरीत सापडेनात. तिथल्या बाबूनं स्क्रीनशॉट पाहिला आणि म्हणाला, "पान पुरं नाही. खालचं कुठं आहे?" शाइस्ता त्याच्याशी तावातावानं भांडली, त्याला खोटारडा म्हणाली. मीही तिचीच री ओढली, कारण कचेरीतला माणूस म्हटला की माझं डोकं आधीच तापतं.

भरपाई बुडाली, तशी आठ जणांनी तिचं तोंड पाहणं सोडलं. नवव्या वच्छलाबाई, त्या तेवढ्या येत राहिल्या. त्यांनी कधी एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच शाइस्ताला आतून खात होतं.

पुढच्या वर्षी अळी पुन्हा आली. या खेपेला बाबूच्या तोंडावर पूर्ण पान मारायचं, असं शाइस्तानं ठरवलं. नेहमीच्या स्क्रीनशॉटमध्ये समोर दिसतं तेवढंच येतं. सबंध पान घ्यायचं तर ब्राउझरला एक्स्टेन्शन, म्हणजे एक छोटा जोडप्रोग्राम, जोडावा लागतो, आणि तसली एक्स्टेन्शनं तर ढिगानं मिळतात. दोन दिवस शाइस्ता बाजारभावाच्या एका लांबलचक पानावर ती आजमावत बसली. पहिल्यानं फोटोवर मधोमध आपलंच नाव छापलं. दुसरं फोटो काढून भलत्याच साईटवर ठेवायचं. तिसरं फार देखणं होतं, पण तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान वाचू द्या म्हणत होतं.

"अख्ख्या गावाचे आधार नंबर हाय माह्याकडं," ती मला म्हणाली. "ह्याले काऊन वाचू देऊ?"

तिनं ते काढून टाकलं. शेवटी एक मिळालं. ते समोरच्या पानापुरतीच परवानगी मागायचं आणि फोटो कॉम्प्युटरमध्येच ठेवायचं. फक्त संथ होतं. पान वरून खालपर्यंत सरकेस्तोवर शाइस्ताची बोटं टेबलावर वाजत राहायची.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी वच्छलाबाई आल्या. पाचला साईट बंद होणार होती. काय होतं ते बघायला मीही जाऊन बसलो. अर्ज भरला, नंबर उमटला. शाइस्तानं एक्स्टेन्शनचं बटण दाबलं आणि पान हळूहळू खाली सरकू लागलं. ती एकदा पंख्याकडं बघत होती, एकदा घड्याळाकडं. लाइन टिकली. फोटो आला.

तो वाचता वाचता तिचा पाय हलायचा थांबला.

सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'वरील क्रमांक तात्पुरता आहे. तक्रार अद्याप सादर झालेली नाही.' त्याखाली सादर करण्याचं बटण होतं. तिथपर्यंत ती कधी गेलीच नव्हती. बाबू खरं बोलत होता.

शाइस्तानं ते बटण दाबलं, आता पक्का नंबर आला, त्याचाही फोटो घेतला. मग खुर्ची वळवून ती वच्छलाबाईंना म्हणाली, "मावशी, मांगच्या साली चूक माही होती. त्या साहेबाची नाई. तुमचा अर्ज म्या अर्ध्यातच सोडला होता."

वच्छलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"माह्यं तं आता झालं," त्या म्हणाल्या. "बाकीच्या आठजणाईचं काय? ते भरून राह्यले का कुठी?"

"मालूम नाई. माह्याकडं येत नाई ते."

"मंग तूच जाय त्याईच्याकडं. अजून टाइम हाय."

घड्याळात सव्वातीन झाले होते. शाइस्तानं दोन प्रिंट काढल्या. पक्क्या नंबराची वच्छलाबाईंच्या हातात दिली. दुसरी, ते न दाबलेलं बटण दिसणारी, घडी करून स्वतः घेतली. ती कशाला, असं मी विचारलं.

"नुसत्या तोंडाच्या बोलण्यावर ते आता काऊन इश्वास ठेवतीन, काका?" ती म्हणाली आणि चप्पल घालून पहिल्या घराकडं निघाली.