इरकलीतला वारा

वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी मी बायकोच्या जुन्या इरकलीतून शिवली, तीही दुहेरी. भौतिकशास्त्र शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्या मास्तराला कापडाचं वजन कळू नये! पण मूळची झिरझिरीत पिशवी फाटली होती, आणि सुमन लग्नानंतर पहिल्यांदा जी नेसली ती जांभळी इरकल जळकोटच्या माळावर, मित्राच्या धावपट्टीशेजारी फडफडावी, असा हट्ट माझ्या निवृत्त हृदयानं धरला. "अहो, जड हाय ती," ती म्हणाली होती.

माघातली सकाळ. दवानं ओथंबलेली करडई, तुरीच्या भुशाचा कोरडा, गोडसर वास, आणि कोवळ्या उन्हात कापडी पंखाखाली टांगलेलं आमचं चिमुकलं विमान: तीन चाकं, एक इंजिन, पुढे मी, पाठीशी सुमन. तिच्या हेल्मेटमधलं बोलायचं यंत्र बंद होतं. "वर काय बोलायचंय तुला?" म्हणून तसाच उडालो.

तिरूच्या चकाकत्या पाण्यावरून फिरून उतरायला वळलो, तेव्हा भिजलेली इरकल खांबाला निमूट चिकटून होती. वारा पडलाय, असं ठरवून मी सोयीच्या बाजूनं खाली येऊ लागलो. तोच सुमनचा हात खांद्यावर आला. एकदा, दोनदा, मग सारखा. चौतीस वर्षांच्या संसारात असा उघड्यावर कधी न लाभलेला तो स्पर्श अंगभर पसरत गेला, आणि मी विमान वळवायच्या दांड्यावरचा एक हात सोडून तिची बोटं हळूच दाबली. जमीन नेहमीपेक्षा वेगानं मागे पळत होती. तो वेग मला सुखाचा वाटला. होता पाठीमागून ढकलणाऱ्या वाऱ्याचा. धावपट्टी सरली, चाकं थांबेनात. पुढचं चाक करडईच्या सरीत रुतलं नि आम्ही कलंडलो.

इंजिन गप्प झालं. मागे बघायचं धाडस होईना.

"सुमे?"

पाठीमागून एक कण्हणं आलं, आणि इतका मंजुळ आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. मनगट मोडलं होतं, हेल्मेटला तडा गेला होता. बाकी ती सगळी होती.

शेजारच्या खळ्यावर तूर उपणणारी म्हातारी हातातल्या सुपासकट धावत आली. "मास्तर, भुसा कुठं उडून राहिला, ते बी दिसंना का?"

जीप येईपर्यंत मी सुमनच्या केसांतले करडईचे काटे वेचत बसलो. म्हातारीच्या सुपातून साऱ्या शिवाराला दिसणारा वारा मी एका आठवणीला विचारला होता. आणि ज्यावर आपला जीव असतो ते नेहमी आपल्याला हवं तेच सांगतं की काय, कोण जाणे.

"तुझा हात होता ना खांद्यावर," मी पुटपुटलो, "म्हणून निर्धास्त होतो गं."

सुमननं डोळे उघडले.

"लाडाचा न्हवता तो हात. भुशाकडं बघा म्हणून बडवून राहिले होते. वारा तर वारा, बायको बी कळंना तुम्हाला!"