नऊ सांध्यांचं विमान

मशीनवाल्या काकांना मुलीने बोलावलं होतं ते जावयाला विमानाच्या नादातून बाहेर काढायला.

काकांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. एकाच गाळ्यात एकेचाळीस वर्षं. पुढे काउंटर, मागे धातू कातायचा छोटा लेथ, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पट्टे. गल्ली त्यांना मशीनवाले काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला ओघानेच मशीनवाल्या काकू. मुलगी एकुलती एक. ती दातांच्या दवाखान्यांना कवळ्या आणि कॅप बनवून द्यायची. जावई पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. माणूस इतका गरीब स्वभावाचा, की कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच माणसाने सहा वर्षांपूर्वी टाइल्सच्या गोदामामागची शेड भाड्याने घेतली आणि दोन माणसं बसतील एवढं विमान स्वतःच्या हाताने बांधायला घेतलं. सगळ्यांना वाटलं, दोन महिन्यांत हौस फिटेल. फिटली नाही. विमानाला पंख आले, चाकं आली, इंजिन आलं, आणि मुलीचं धाबं दणाणलं.

"मला वाटायचं, हे काही जन्मात पुरं होत नाही," ती फोनवर म्हणाली. "म्हणून मी गप्प होते. आता तो विमान चालवायचं लायसन्सही काढून आलाय आणि म्हणतो, तीन महिन्यांत उडवणार. बाबा, माझ्या तोंडून 'नको' निघत नाही. तुम्ही सांगा. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही."

काकांनी बसमध्ये बसून सगळं भाषण जुळवलं. संसार, जबाबदारी, वय, अमुक, तमुक. शेडमध्ये पोचले तर जावई घाईघाईने हात पुसत पुढे आला, स्टूल झाडून दिलं, थर्मासमधला चहा ओतला. काकांनी घसा खाकरला.

"बाबा, आत बसून बघता?" जावयाने विचारलं. सहा वर्षांत घरच्या कुणी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून काकांना नाही म्हणवेना. बोलू की बसल्यावर, असं म्हणून ते आत शिरले.

दोन गुडघ्यांच्या मध्ये एक दांडी होती. ती मागे ओढली की विमान नाक वर करतं, पुढे ढकलली की खाली, असं जावयाने सांगितलं. दांडीपासून सीटखालून नळ्या जात होत्या, पुढे तरफा, मग तारा, आणि शेवटी शेपटीची आडवी झडप. जावई झडपेपाशी जाऊन उभा राहिला. काकांनी दांडी मागे ओढली.

"हलली?"

"अजून नाही."

काकांनी आणखी ओढली. "आता?"

"आता हलली."

काकांनी दांडी पुढे नेली, परत मागे आणली. चांगलं बोटभर अंतर दांडी नुसतीच डुलत होती, शेपटीला त्याचा पत्ताच नव्हता. काका सगळं भाषण विसरले.

"जावईबापू, हे असं घेऊन तुम्ही वर जाणार?"

"थोडी ढिलाई असतेच ना, बाबा."

"थोडी? अहो, एवढी ढिलाई असलेलं मशीन मी लंगोट शिवायला देणार नाही कुणाला!" काका सीटमधून वाकून तरफा चाचपायला लागले. "बॅटरी आणा. आणि तो सात नंबरचा पाना."

घरी आल्यावर काकूंनी दारातच विचारलं, "बोललात का?"

"बोललो."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, ढिलं आहे."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. मुलीचा फोन आला तो तर कानठळ्या बसवणारा होता. "मी तुम्हाला मोडता घालायला पाठवलं होतं, बाबा! आणि तुम्ही हातभार लावून आलात!"

पण काकांना चैन पडत नव्हतं. दर शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद करून ते शेडमध्ये जायला लागले. दांडीपासून झडपेपर्यंत नऊ सांधे निघाले. कुठेच दिसण्यासारखी चूक नव्हती. जावयाने बोल्टची भोकं हाताच्या ड्रिलने पाडली होती, ती केसभर मोठी आणि किंचित लांबट झाली होती, इतकंच. पण नऊ ठिकाणी केसभर म्हणजे शेवटी बोटभर. काकांनी भोकं रिमरने गोल करून घेतली, लेथवर पितळेचे नवे बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या आणि आतून बोल्ट जाणाऱ्या छोट्या नळ्या, काढल्या, एकेक सांधा उघडून त्या बसवल्या आणि बोल्ट आवळला. जावई शेजारी बसून बोल्ट पुसून हातात द्यायचा. लग्नापासूनच्या बारा वर्षांत सासरे-जावई मिळून जेवढे शब्द बोलले नसतील, तेवढे त्या पाच शनिवारांत बोलले. बरेचसे वॉशरबद्दलच होते, पण बोलले.

पाचव्या शनिवारी काकांनी दांडी धरून हलवली. शेपटी त्याच क्षणी हलली. काका खूश होऊन खाली उतरले. "बसा आता."

जावई बसला. दांडी पुढे नेली, मागे आणली, हात सोडला. पुन्हा तसंच केलं. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा. छान झालंय." तो अडखळला. "जरा जड झालंय का?"

"नवीन आहे. रुळेल."

"तसं नाही. वर गेल्यावर हात सोडला, की वारा झडपेला जागेवर आणतो आणि दांडी आपली आपण मध्ये येते. विमान कसं चाललंय ते त्यावरून हाताला कळतं. ही जिथे ठेवावी तिथे बसून राहते. वाऱ्याचं काही चालायचं नाही हिच्यापुढे. मग मला सारखं इकडे-तिकडे सावरत बसावं लागेल."

काकांनी पुन्हा दांडी धरली. त्यांच्या हाताला ती मऊसूत लागत होती. "मला तर काही जड लागत नाही," ते म्हणाले.

"बाबा, मला लागतेय."

त्याने हे अगदी हळू म्हटलं, तरी काकांना लागायचं ते लागलं. एकेचाळीस वर्षं हात लावून मशीनची नाडी ओळखणाऱ्या माणसाला नकाशे काढणारा सांगतो! त्यांनी पिशवीत पाने भरले. "मग तुम्हीच बघा," म्हणाले आणि चालू पडले. पुढचे दोन शनिवार दुकान दिवसभर उघडं राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात, समोरच्या इमारतीत कपडे शिवणाऱ्या बाई मशीन घेऊन परत आल्या. काकांनी नुकतंच दुरुस्त करून दिलं होतं.

"काका, रागावू नका, पण चाक जड फिरतंय. दोरा तुटतोय सारखा."

काकांनी चाक फिरवलं. त्यांना काहीच जड लागलं नाही. बाईंनी कापड घातलं, पाय मारला. सहा टाके आणि दोरा तुटला. पुन्हा पाच टाके, पुन्हा तुटला. काकांनी मान खाली घालून स्क्रू पाव फेरा सैल केला, तेव्हा मशीन सुरळीत चाललं. बाई आभार मानून गेल्या. काका मात्र बराच वेळ आपल्या बोटांच्या टोकांकडे बघत बसले. अंगठ्याने एकेक बोट दाबून पाहिलं. कापडाच्या जाड घडीतून कुणी हात लावावा, तसं लागत होतं.

दुपारी जेवताना त्यांनी काकूंना सांगितलं. सांगताना आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला.

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या.

"तुला कसं?"

"वर्ष झालं, तुम्ही शर्टाची बटणं खाली बघून लावता. आधी कधी बघत नव्हता."

काकूंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली, त्यांनी नको म्हटलं नव्हतं तरी "खा गुपचूप" म्हणाल्या, आणि मग जरा वेळाने म्हणाल्या, "तुमचा हात आपल्या पोरीत उतरलाय. तिला घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी काका मुलीच्या कामाच्या खोलीत गेले. ती दिव्याखाली कवळीचा एक दात घासत बसली होती; घासायचा, साच्यावर बसवायचा, बोटाने दाबून बघायचा, पुन्हा घासायचा. त्यांनी तिला सगळं सांगितलं, बोटांचंसुद्धा. तिने दात खाली ठेवला आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन बघितले, लहान मुलांचे बघतात तसे.

"डॉक्टरकडे जायचं आपण," ती म्हणाली.

"जाऊ. आधी शेडमध्ये चल. मला तुझा हात हवाय."

"मला ते विमान उडायलाच नकोय, बाबा."

"मग तर चलच. काय चुकतंय ते शोध. मोठी चूक निघाली, तर मीच सांगेन त्याला, की सोड हे."

तिने त्यांच्याकडे रोखून बघितलं. बाप आपल्याला गुंडाळतोय, हे तिला कळलं होतं. तरी ती उठली.

सासऱ्यांबरोबर बायकोला आलेली बघून जावयाच्या हातातला पाना खाली पडला. ती सरळ सीटवर जाऊन बसली, डोळे मिटले आणि दोन बोटांत दांडी धरून अगदी सावकाश हलवायला लागली.

"मध्ये आली की पकडतेय," ती म्हणाली. "आणि पुढे जाताना शेवटी खरखर आहे. वाळू असल्यासारखी."

मग तिघांनी मिळून एकेक सांधा सोडवला. सोडवला, की ती पुन्हा दांडी हलवायची आणि फरक सांगायची. खरखर होती तारेची. एक कप्पी किंचित तिरपी बसली होती, म्हणून तार, ज्या प्लॅस्टिकच्या कडीतून जायची, तिला घासत होती. झडपेच्या तीन बिजागऱ्यांतून काकांनी शिवणाचा दोरा ताणून धरला, तर मधली बिजागरी नाण्याच्या जाडीइतकी रेषेच्या बाहेर निघाली. ती सहा वर्षांपूर्वी जावयाने बसवली होती. तो इतका ओशाळला, की काकांनाच वाईट वाटलं.

"थांबा, माझी चूक अजून निघायचीय," ते म्हणाले. आणि निघाली. काकांनी बुश तरफेच्या रुंदीएवढेच कापले होते. बोल्ट आवळला, की तरफेच्या दोन्ही बाजूंची धातूची पानं बुशला न पकडता तरफेलाच चिमटीत धरत होती. ढिलाई गेली ती अशी, तरफेचा श्वास कोंडून. काकांनी नऊच्या नऊ बुश नवे काढले, या वेळी कागदाच्या जाडीइतके लांब. आता बोल्ट कितीही आवळला तरी तो बुशला धरणार आणि तरफ त्याच्यावर मोकळी फिरणार. लांबी मोजायला काकांनी मापं वापरली, पण प्रत्येक बुश हातात घेऊन 'हो' म्हणण्याचं काम मुलीकडे दिलं.

सगळं जोडून झालं त्या रविवारी मुलगी पुन्हा डोळे मिटून बसली.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"दांडी हातात आहे असं वाटतच नाही." ती थांबली. "कोणी शेपटीला हात लावला का?"

मागे उभ्या असलेल्या नवऱ्याने झडपेवर नुसतं एक बोट टेकवलं होतं. त्याने ते उचललं.

"काढलंस."

त्याने पुन्हा टेकवलं.

"ठेवलंस." ती हसायला लागली. "पुन्हा कर!"

त्याने पुन्हा केलं. मग बराच वेळ त्यांचा तोच खेळ चालला, तो बोट ठेवतोय, ती ओळखतेय, आणि काका स्टूलवर बसून पाने पुसतायत, जे आधीच पुसलेले होते.

खाली उतरल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "उडव. पण एकही नट मी बघितल्याशिवाय नाही." पुढच्या आठवड्यात ती नखांना लावायचं लाल पॉलिश घेऊन आली आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर, बोल्टापर्यंत जाणारी एक बारीक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. उड्डाणाची परवानगी देण्याआधी तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी दांडी हलवून बघितली, रेघा बघितल्या आणि शेपटीपाशी वाकून विचारलं, "तुमच्यात कारागीर कोण?" तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी गावाबाहेरच्या धावपट्टीवरून जावई एकटाच वर गेला. वीस मिनिटं मुलीने बापाचा दंड असा आवळून धरला होता, की नंतर चार दिवस त्यावर वळ होते. चाकं जमिनीला लागली तेव्हा तिने तो सोडला आणि धावत सुटली. जावई उतरला, तिला मिठीत घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून काकांना ओरडून म्हणाला, "बाबा, दोन बोटांनी उडतंय! हवेत एक भोवरा लागला तो मला हातात कळला!"

डॉक्टरांनी काकांच्या बोटांसाठी गोळ्या दिल्या. फरक पडला, पण थोडाच. काकांनी मग काउंटरशेजारी काकूंसाठी खुर्ची मांडली. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन आधी त्यांच्यापुढे जायचं. काकू चाक फिरवायच्या आणि "जाऊ दे" किंवा "नाही हं" म्हणायच्या. पहिल्या महिन्यात 'नाही हं' इतक्या वेळा आलं, की काका चिडायचे. पुढे कमी झालं. तेही आता विचारल्याशिवाय स्क्रू आवळेनासे झाले.

विमानात बसण्यात काकूंनीच पहिला नंबर लावला. उतरल्यावर म्हणाल्या, आपल्या जुन्या स्कूटरपेक्षा कितीतरी बरं, निदान सीट तरी मऊ आहे. काका महिनाभर आज वारा आहे, उद्या गिऱ्हाईक आहे करत राहिले. शेवटी मुलीनेच त्यांना दंडाला धरून नेलं, पट्टा बांधला आणि शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

ते पंचवीस मिनिटं वर होते. नदीवरून गेले, पाणीपुरवठ्याच्या मोठ्या टाकीला फेरी मारली, आपल्या गल्लीवरूनसुद्धा गेले. काकू खाली वाट बघत होत्या.

"काय हो, आपलं घर दिसलं का?"

"घर?" काका गोंधळले. "खाली बघायचं राहूनच गेलं. सीटखालची तरफ इतकी सुंदर फिरत होती."