अंगठ्यांशी वैर

टायपिंगच्या बाईंनी तेवीस वर्षं क्लासमध्ये एकच मंत्र शिकवला: खाली बघायचं नाही, आणि कुठल्याच बोटाने आपली जागा सोडायची नाही. पुढे क्लास बंद पडला, यंत्रं गेली, शिस्त तेवढी बाईंपाशी राहिली. घरात कुणी फोनवर मजकूर लिहायला लागलं की त्या म्हणायच्या, "आले अंगठेबहाद्दर!"

मग एकदा न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ झाली होती, मूठ काही केल्या वळेना. डॉक्टरांनी दाबायला मऊ चेंडू दिला. तो दोन दिवसांत सोफ्याखाली गेला आणि बाईंनी त्याला तिथेच सुखाने नांदू दिलं.

सून रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. संध्याकाळी घरी आली की ती टीव्हीवर गेम खेळायची. एक कोल्हा या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत जायचा.

"आई, तुम्ही खेळून बघा. बोटं आपोआप हलतील," म्हणत तिने कंट्रोलर पुढे केला.

बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "दहा बोटं असताना राबायचं दोन अंगठ्यांनी? बाकीच्या आठांनी काय रजा टाकायची?"

सुनेने कीबोर्ड जोडला. "अनामिका ए वर ठेवा, मधलं बोट डब्ल्यूवर..."

"ए वर अनामिका? अगं, ए ही करंगळीची जागा! माझ्या वर्गात असतीस तर पहिल्याच दिवशी बाहेर काढली असती तुला."

शेवटी सुनेने सगळ्या कळा बाईंच्या मर्जीप्रमाणे बदलून दिल्या. डावीकडे जायला करंगळी, उजवीकडे जायला अनामिका. उडीचा मान तेवढा नाइलाजाने अंगठ्याला मिळाला. आठवडाभरात बाईंचा कोल्हा छपरांवरून सुसाट निघाला.

सहाव्या टप्प्यावर मात्र घोडं अडलं. कालव्यावर एक अरुंद फळी होती, तिच्यावरून अगदी हळू चालायचं होतं. कीबोर्डला हळू चालणं ठाऊकच नव्हतं. कळ दाबली की कोल्हा पळायचा आणि थेट पाण्यात जायचा. असा चौदा वेळा गेला. सुनेने कंट्रोलरवरची छोटी दांडी अंगठ्याने जराशी कलती धरून त्याला अलगद पलीकडे नेलं आणि पुन्हा मागे आणून ठेवलं.

"घ्या ना आई, आता तुम्ही."

"नको. फळीच चुकीची बांधलीय."

बाईंचे यजमान घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून ते कुणाचंसं घड्याळ उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सुटली तर सुसाट, नाहीतर ठप्प. मधलं काही नाहीच. बेचाळीस वर्षं ओळखतो मी हा स्वभाव."

"तुम्ही तुमचे काटे बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सून कामावर आणि यजमान आत आडवे झालेले पाहून बाईंनी कंट्रोलर काढला. हातात धरायचा तर उजवी बोटं वळेनात. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला, पाठ ताठ केली आणि टायपिंगला बसावं तशी वरून बोटं टेकवली. डाव्या तर्जनीने दांडी, उजव्या हाताची बोटं बटणांवर. कोल्हा पाण्यात पडत राहिला, पण आता फळीच्या मध्यापर्यंत जाऊन पडायला लागला. ही प्रगतीच होती.

पाचव्या दुपारी लॅबमधली वीज गेली म्हणून सून लवकर घरी आली. बघते तर कोल्हा फळीच्या टोकाशी आणि सासूबाई श्वास रोखून बसलेल्या. ती दारातच थांबली. कोल्हा एकेक पाऊल टाकत पलीकडे पोचला.

"जमलं!" बाईंनी टेबलावर हात आपटला.

"आई, मूठ!"

बाईंनी खाली पाहिलं. उजवी मूठ घट्ट मिटली होती. त्यांनी ती उघडली, पुन्हा मिटली, परत उघडली. डोळे भरून आले, तेही सुनेने पाहिलं.

"पण हे अंगठ्यांचं काम नव्हे हं," बाई पदराने नाक पुसत म्हणाल्या.

आतून आवाज आला, "पाच दिवस नुसती टकटक ऐकतोय. झोपू द्या आता माणसाला!"

हल्ली टेबलावर दोन कंट्रोलर शेजारी शेजारी असतात. सून गंमत म्हणून सासूबाईंसारखी खेळायला बसली आणि तिला ते सोयीचंच वाटलं. हे तिने बोलून दाखवलं, आणि तिथेच चुकली. आता तिचं बोट जरा घसरलं की बाई गेम थांबवतात.

"मधलं बोट! मधलं! पुन्हा पहिल्यापासून."